मी आज इथेच थांबू का?

बारा वर्षांपूर्वी एका मुलीने मला विचारलं होतं, "ताई, मी आज इथेच थांबू का?" आणि मी हसून म्हटलं होतं, "अगं वेडे, घरी सगळे वाट बघत असतील ना." बस, एवढंच. ती दप्तर उचलून बसकडे गेली, मी दिवे बंद केले, कपाटाला कुलूप लावलं आणि माझ्यापुरता तो दिवस संपला.

मी तेव्हा मुलांच्या एका संस्थेत संध्याकाळचे वर्ग घ्यायचे. त्या मुलीबद्दल इथे फार लिहिणार नाही आणि जे लिहितेय त्यातले ओळख पटेल असे तपशील बदललेत, कारण ती गोष्ट तिची आहे, माझी नाही. माझं आहे ते फक्त माझं उत्तर. तिला घरी काय सहन करावं लागत होतं ते सात महिन्यांनी बाहेर आलं, तेही आमच्यामुळे नाही, दुसऱ्याच कोणामुळे तरी. त्यानंतर आम्ही सगळे एका टेबलाभोवती बसलो आणि ज्याला जे आठवत होतं ते एकेक करून सांगायला लागलो. बसमधल्या मावशींना माहीत होतं की ती हल्ली सगळ्यात शेवटी उतरते. चित्रकलेच्या सरांना माहीत होतं की ती उकाड्यातही पूर्ण बाह्यांचे कपडे घालते. एका ताईच्या लक्षात आलं होतं की ती वर्गात झोपते, आणि त्या ताईने तिला त्याबद्दल रागावलंही होतं. माझ्याकडे ते एक वाक्य होतं. प्रत्येकाकडे एकेक तुकडा होता, तो तुकडा छोटा आहे, कशाला कोणाला सांगायचा, असं प्रत्येकालाच वाटलं होतं, आणि ते सगळे तुकडे एकत्र यायला सात महिने लागले. त्या टेबलाशी कोणी कोणाकडे बघत नव्हतं.

पुढच्या महिन्यात आमचं पहिलं सेफगार्डिंग ट्रेनिंग झालं, म्हणजे संस्थेत मुलांना सुरक्षित कसं ठेवायचं याचं. आज मी स्वतः अशी ट्रेनिंग्ज घेते. शिक्षक, खेळाचे कोच, वसतिगृहाचे कर्मचारी, बसचालक, ऑफिसात फक्त हिशोब बघणारे लोक, सगळ्यांची. आणि दर वेळी सुरुवातीला माझ्या डोक्यात तेच वाक्य असतं.

त्या पहिल्या ट्रेनिंगला मी वही-पेन घेऊन गेले होते, कायदे-नियम लिहून घ्यायचे म्हणून. ट्रेनर बाईंनी कोरे कागद वाटले आणि म्हणाल्या, एखादं मूल तुमच्याजवळ आलं आणि कोणीतरी आपल्याला त्रास देतंय असं म्हणालं, तर तुमच्या तोंडून जे पहिलं वाक्य निघेल ते लिहा, विचार करू नका, तीस सेकंद. आम्ही लिहिलं. मग त्यांनी सगळे कागद गोळा केले आणि नावं न सांगता एकेक वाचायला लागल्या. "खरंच?" "काय सांगतेस!" "नक्की असंच झालं का?" "आधी का नाही सांगितलंस?" "कोणी केलं, त्या काकांनी का?" "घाबरू नको, मी कोणाला काही सांगणार नाही." यातलं एकही वाक्य वाईट माणसाचं नव्हतं. सगळी प्रेमळ, मुलांसाठी जीव टाकणारी माणसं होती. आणि तरी जवळजवळ प्रत्येक वाक्याने त्या मुलासाठी एक दार बंद होत होतं.

"खरंच?" हा शब्द आपण दिवसातून वीस वेळा सहज म्हणतो, पण जे मूल कित्येक आठवडे हिंमत गोळा करून आलंय त्याला त्यात ऐकू येतं की यांचा विश्वास नाही. "आधी का नाही सांगितलंस?" तर सरळ आरोपच वाटतो, म्हणजे चूक पुन्हा मुलाचीच. ऑस्ट्रेलियात संस्थांमध्ये मुलांवर झालेल्या लैंगिक अत्याचारांची चौकशी करायला रॉयल कमिशन नेमलं होतं, २०१३ ते २०१७ काम चाललं त्याचं, आठ हजारांवर लोकांनी त्यांच्यासमोर खासगीत बसून आपली हकिगत सांगितली. त्यांना पहिल्यांदा कोणाला तरी हे सांगायला सरासरी किती काळ लागला होता? २३.९ वर्षं. मी हा आकडा ट्रेनिंगमध्ये फळ्यावर लिहिते आणि थोडा वेळ काहीच बोलत नाही. लोक मनात आपापलं वय मोजताना दिसतात. आठव्या वर्षी घडलेली गोष्ट बत्तिसाव्या वर्षी. मग जे मूल त्याच वर्षी, त्याच आठवड्यात तुमच्यापर्यंत आलंय ते किती लांबून चालत आलंय याचा विचार करा, आणि आपण त्याला विचारतो की उशीर का केलास.

"कोणाला सांगणार नाही" हे वाक्य सगळ्यात प्रेमळ आणि सगळ्यात घातक. कारण सांगावंच लागणार असतं. संस्थेत त्यासाठी नेमलेल्या व्यक्तीला, आणि गरज पडली तर पोलिसांना, बालसंरक्षणाच्या यंत्रणेला. म्हणजे ज्या मुलाला आधीच एका मोठ्या माणसाने फसवलंय त्याला दुसरं मोठं माणूस दोन तासांत फसवणार. त्यापेक्षा आधीच म्हणायचं, "तू मला सांगितलंस ते फार बरं केलंस, पण तुला सुरक्षित ठेवायला मला हे अमुक एका माणसाला सांगावं लागेल, बाकी कोणाला नाही, आणि मी काय करतेय ते मी तुला सांगत राहीन." कधीकधी हे ऐकून मूल गप्प होतं, पुढे बोलत नाही. चालतं. खोटं वचन देऊन मिळवलेल्या चार वाक्यांपेक्षा ते गप्प बसणं परवडलं, त्याला कळलेलं असतं की ही बाई खरं बोलते, आणि पुन्हा येण्याची शक्यता शिल्लक राहते.

"त्या काकांनी का?" या प्रश्नावर आम्ही सगळेच अडलो होतो. एका सरांनी तर वाद घातला, की मूल बोलत नसेल तर मदत करायला नको का? मला आठवतंय, मलाही त्यांचंच पटत होतं. तेव्हा ट्रेनर बाईंनी अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियातल्या मॅकमार्टिन बालवाडीची केस सांगितली. १९८३ साली सुरू झालेले आरोप, शेकडो लहान मुलांच्या मुलाखती, आणि त्या मुलाखतींत प्रश्नातच उत्तर असायचं, दुसऱ्या मुलांनी हे सांगितलंय मग तू पण सांग, सांगितलंस तर हुशार, असं. वर्षानुवर्षं खटला चालला आणि १९९० मध्ये एकाही आरोपीला शिक्षा न होता संपला. मुलांच्या खरंच काय वाट्याला आलं होतं, काही आलं होतं की नाही, हे कळायची वाटच त्या प्रश्नांनी पुसून टाकली. म्हणजे आपण मदत म्हणून पुढे केलेलं नाव मुलाच्या तोंडी बसतं, आणि जर गुन्हा खरा असेल तर उद्या तेच नाव बचाव पक्षाच्या हातात जातं, की हे तर ताईंनीच सुचवलं होतं.

पुढे संशोधकांनी यावर खूप काम केलं. मायकेल लॅम्ब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बनवलेला एनआयसीएचडी (अमेरिकेतली बालआरोग्य संशोधनाची संस्था) प्रोटोकॉल नावाचा मुलाखतीचा आराखडा आज बऱ्याच देशांत वापरतात, त्याचं सार असं की मुलाला मोकळं बोलू देणारे प्रश्न विचारले की माहिती जास्त आणि अधिक अचूक मिळते. "मग काय झालं ते सांग." "त्याबद्दल अजून सांग." पण ही मुलाखत घेणं हे आपलं, म्हणजे शिक्षकांचं, कोचचं, ताईंचं काम नाहीच. आपलं काम एवढंच की मूल सुरक्षित आहे की नाही आणि कोणाला कळवायचं हे कळण्यापुरतं ऐकणं. तपास करायचा नाही, अंगावरच्या खुणा कपडे काढून बघायच्या नाहीत, फोटो काढायचे नाहीत, ज्याच्यावर संशय आहे त्याला जाऊन जाब विचारायचा नाही. हे शेवटचं लोकांना फार जड जातं. राग येतो ना. मला पण येतो. पण आपण रागाने जाऊन दार ठोठावलं की मूल त्याच दारामागे एकटं सापडतं.

या ट्रेनिंगमध्ये काय शिकवतात असं कोणी विचारलं तर लोकांना वाटतं लक्षणांची यादी. अत्याचाराचे चार प्रकार, शारीरिक, भावनिक, लैंगिक आणि दुर्लक्ष, आणि प्रत्येकाचे रेड फ्लॅग. ते शिकवतोच, शिकवायलाच हवं, विशेषतः दुर्लक्षाबद्दल, कारण त्याची खूण अंगावर दिसत नाही आणि ते एका दिवसात घडत नाही, अमेरिकेच्या बालसंरक्षणाच्या नोंदींत वर्षानुवर्षं सगळ्यात जास्त केसेस दुर्लक्षाच्याच असतात. पण इतकी वर्षं हे काम केल्यावर माझं मत असं झालंय की लक्षणं माहीत नसणं ही खरी अडचण नाहीये. दिसतं आपल्याला. आपल्याला ते तसं नसावं असं इतकं मनापासून वाटत असतं की आपण दिसलेल्याला दुसरं काहीतरी नाव देतो. मी दिलंच होतं. एका मुलीला घरी जायचं नाहीये हे मला ऐकू आलं होतं आणि मी त्याला लाडीगोडी असं नाव दिलं.

आणि हे फक्त माझ्यासारख्या अनुभव नसलेल्या पोरीचं नाही, डॉक्टरांच्या अख्ख्या पिढ्यांचं असंच झालंय. पॅरिसमधले न्यायवैद्यक तज्ज्ञ आंब्रुआझ तार्दिय यांनी १८६० साली ३२ मुलांच्या केसेस छापल्या होत्या, मारहाण, छळ, सगळं स्पष्ट लिहून. फारसं कोणी मनावर घेतलं नाही. १९४६ मध्ये न्यूयॉर्कचे रेडिओलॉजिस्ट जॉन कॅफी यांनी सहा बाळांबद्दल लिहिलं, मेंदूभोवती रक्त साकळलेलं आणि हातापायांची हाडं ठिकठिकाणी मोडलेली, काही जुनी, भरून येत असलेली. एक्स-रेमध्ये सगळं होतं. पण हाडं मोडली कोणी हे त्या लेखात उघडपणे लिहिलेलं नव्हतं. मग १९६२ साली डेन्व्हरच्या हेन्री केम्पे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या जर्नलमध्ये लेख लिहिला आणि या प्रकाराला 'बॅटर्ड चाइल्ड सिंड्रोम' असं नाव दिलं. त्या लेखातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट हाडांबद्दलची नाहीच, आईबाप असं करू शकतात यावर विश्वास ठेवणं डॉक्टरांना फार जड जातं, हे त्यात सरळ लिहिलंय. नाव मिळाल्यावर मात्र चक्रं भराभर फिरली, १९६७ पर्यंत अमेरिकेच्या सगळ्या राज्यांत अशा केसेस कळवण्याचे कायदे झाले. १८६० ते १९६२, म्हणजे १०२ वर्षं, दिसत असूनही न दिसण्याची.

ब्रिटनमधल्या अभ्यासकांनी १९८३ मध्ये या वृत्तीला 'रूल ऑफ ऑप्टिमिझम' असं म्हटलं. समाजसेवक घरी भेट देतो तेव्हा समोरच्या आईबापांबद्दल शक्य तितका चांगला अर्थ लावत जातो, एकतर प्रेम हे नैसर्गिकच असणार असं धरून, नाहीतर 'त्यांच्याकडे असंच असतं' असं संस्कृतीच्या नावावर टाकून. हे मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला कोणीतरी माझ्याबद्दलच लिहिलंय असं वाटलं.

व्हिक्टोरिया क्लिम्बीची केस मी प्रत्येक बॅचला सांगते. आयव्हरी कोस्टमधली मुलगी, चांगलं शिक्षण मिळेल म्हणून आईबापांनी तिला एका नातेवाईक बाईबरोबर पाठवलं, आधी फ्रान्स, मग १९९९ मध्ये लंडन. फेब्रुवारी २००० मध्ये छळाने तिचा जीव गेला, आठ वर्षांची होती, अंगावर १२८ जखमा. ती कोणाला दिसत नव्हती असं नाही. समाजसेवा विभाग, पोलीस, दोन हॉस्पिटलं, मुलांसाठी काम करणारी संस्था, इतक्या लोकांच्या नजरेखालून ती गेली. एका हॉस्पिटलमध्ये जखमांना खरूज ठरवलं गेलं. त्या बाईसमोर ती शिपायासारखी ताठ उभी राहायची, त्याचा अर्थ त्यांच्या संस्कृतीत मोठ्यांबद्दल आदर असतो असा लावला गेला. आदर! लॉर्ड लेमिंग यांनी चौकशी केली, जानेवारी २००३ मध्ये अहवाल आला, १०८ शिफारशी, आणि त्यात असे किमान बारा प्रसंग दाखवले जिथे कोणीतरी साधं आपलं काम केलं असतं तर ती वाचू शकली असती. बारा. हे सांगताना माझा आवाज अजूनही बदलतो, इतक्या वेळा सांगूनही, आणि मी तो लपवायचा प्रयत्न करणं सोडून दिलंय.

लेमिंग यांच्या अहवालात एक कल्पना आहे, आदर ठेवून अनिश्चित राहणं अशी काहीशी. म्हणजे समोरच्याचा अपमान न करता, त्याला गुन्हेगार न धरता, तरी तो सांगतोय ते तसंच्या तसं गिळायचं नाही, पडताळून बघायचं. मला वाटतं सगळ्या ट्रेनिंगमधलं हे सर्वात अवघड कौशल्य आहे. कारण लोक लगेच एका टोकाला जातात, एकतर सगळे चांगलेच किंवा मग ट्रेनिंगनंतरचे दोन आठवडे प्रत्येक बापाकडे संशयाने बघणं. दोन्हीत मुलाकडे बघणं राहूनच जातं. व्हिक्टोरियाच्या बाबतीतही तेच, इतके लोक त्या बाईशी बोलत राहिले आणि त्या मुलीशी, तिच्या भाषेत, तिला एकटीला बसवून शांतपणे कोणी जवळजवळ बोललंच नाही. १९८९ च्या बालहक्क संहितेच्या बाराव्या कलमात मुलाचं मत ऐकलं जाण्याचा हक्क आहे, आम्ही तो पोस्टरवर छापतो. खरं तर तो मुलाशी बोलण्याच्या वेळापत्रकात छापायला हवा.

आता थोडं सेफगार्डिंग आणि चाइल्ड प्रोटेक्शन या दोन शब्दांबद्दल, कारण ट्रेनिंगमध्ये हा गोंधळ नेहमी होतो. एखाद्या मुलाला इजा होतेय किंवा होईल अशी शक्यता आहे तेव्हा त्या मुलासाठी जे करायचं ते प्रोटेक्शन. आणि अशी वेळच येऊ नये म्हणून संस्थेने स्वतःकडे बघून जे करायचं ते सेफगार्डिंग, म्हणजे माणसं कशी नेमता, मुलाबरोबर बंद खोलीत एकटं कोण असतं, फोटो कुठे जातात, रात्री अकरा वाजता मुलांना मेसेज कोण करतं, तक्रार करायची झाली तर मुलाला माहीत आहे का कोणाकडे. ही स्वतःकडे बघण्याची सवय जगाला सुखासुखी लागलेली नाही. २००२ मध्ये लायबेरिया, गिनी आणि सिएरा लिओनमधल्या निर्वासितांच्या छावण्यांबद्दल एक अहवाल आला, मदत वाटायला गेलेल्याच काही लोकांनी अन्नाच्या बदल्यात मुलींचं शोषण केल्याच्या तक्रारी त्यात होत्या. त्यानंतर २००३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या महासचिवांनी आपल्या कर्मचाऱ्यांसाठी कडक नियम काढले. आणि २००२ सालीच इंग्लंडमध्ये सोहॅम गावात दहा वर्षांच्या दोन मुलींचा खून झाला, करणारा एका शाळेचा केअरटेकर होता, त्याच्याबद्दलच्या आधीच्या तक्रारी दुसऱ्या भागातल्या पोलिसांकडे आल्या होत्या आणि नोकरी देताना त्या कोणासमोर आल्याच नाहीत. पुन्हा तेच, तुकडे होते, टेबल नव्हतं.

म्हणून माझ्या ट्रेनिंगचा मोठा भाग आता लिहिण्यावर असतो. कंटाळवाणा वाटतो लोकांना, पण मी सोडत नाही. मुलाने वापरलेला शब्द जसाच्या तसा लिहा, तुम्हाला तो अश्लील वाटला तरी, लहान मुलाचा अर्धवट शब्द असला तरी, त्याचं शुद्ध भाषेत भाषांतर करू नका. तारीख, वेळ, कुठे, कोण होतं. तुम्ही काय विचारलंत तेही लिहा. दिसलं ते एकीकडे आणि वाटलं ते दुसरीकडे. 'मुलगी घाबरलेली होती' असं नाही, 'दार वाजलं की ती टेबलाखाली बघायची' असं लिहा. त्याच दिवशी लिहा, घरी जाऊन जेवून झाल्यावर नाही. आणि छोट्या गोष्टी लिहा. पूर्ण बाह्या. शेवटची सीट. वर्गात झोप. यातल्या कशानेच काही सिद्ध होत नाही आणि सिद्ध करायचंही नाहीये, फक्त हे सगळं एका माणसाच्या हातात एकत्र यायला हवं, म्हणून तर प्रत्येक संस्थेत एक ठरलेली व्यक्ती असावी असं म्हणतात. माझ्या त्या पहिल्या संस्थेत अशी व्यक्ती असती आणि आम्ही चौघांनी आपापली एक ओळ तिला दिली असती तर... मी हे वाक्य पूर्ण करत नाही, खूप वर्षं प्रयत्न करून झालाय.

एका गोष्टीवर मी माझं मत बदललंय तेही सांगते. सुरुवातीला मी मुलांना 'गुड टच बॅड टच' शिकवायचे, अगदी मनापासून. आता 'सुरक्षित' आणि 'असुरक्षित' असं म्हणते. कारण कधीकधी तो स्पर्श मुलाला वाईट वाटतच नाही, तो आवडत्या माणसाचा असतो, त्यात लाड असतात, बक्षीस असतं, आणि मग मुलाला वाटतं मला वाईट वाटलं नाही म्हणजे माझंच काहीतरी चुकलं. आणि दुसरं कारण, मुलांना अर्धा तास शिकवून आपण मोकळे होतो, जणू आता ओळखायची आणि थांबवायची जबाबदारी सात वर्षांच्या मुलाची. मुलांना सांगावंच, शरीराच्या अवयवांची नावं, नाही म्हणायचा हक्क, कोणाला सांगायचं ते सगळं. पण ग्रूमिंग करणारा, म्हणजे अत्याचार करण्यासाठी हळूहळू विश्वास जिंकत जाणारा माणूस फक्त मुलाला जाळ्यात घेत नाही, आधी मोठ्यांना घेतो. तो मदतीला सगळ्यात पुढे असतो, जादा वेळ थांबतो, सगळ्यांचा लाडका असतो. तो मुलाला ओळखता यावा अशी अपेक्षा करण्याआधी आपल्याला तरी ओळखता यायला हवा ना.

आइसलँडमध्ये १९९८ पासून 'बार्नाहुस' आहे, म्हणजे मुलांचं घर. अमेरिकेत हंट्सव्हिलला १९८५ मध्ये सुरू झालेल्या अशाच केंद्रावरून त्यांनी ती कल्पना घेतली. मूल पोलीस ठाणं, हॉस्पिटल, कोर्ट असं सगळीकडे फिरत नाही, एका घरासारख्या जागेत मुलाखत घेणारा एकच माणूस त्याच्याशी बोलतो, रेकॉर्डिंग होतं, बाकीचे दुसऱ्या खोलीतून बघतात, तपासणी आणि उपचारही तिथेच. मी फोटो पाहिले होते, त्यात साध्या खुर्च्या आणि एक दिवा होता. मला किती बरं वाटलं ते सांगता येत नाही, कारण कुठेतरी कोणीतरी आधी विचार केला होता की मुलाला हे किती वेळा सांगावं लागतंय, आणि मग त्याप्रमाणे खोल्या बांधल्या होत्या.

आता माझी एक तक्रार. हल्ली पुष्कळ ठिकाणी हे ट्रेनिंग ऑनलाइन झालंय, चाळीस मिनिटं, पुढे-पुढे दाबत जायचं, शेवटी दहा प्रश्न, सर्टिफिकेट. माहिती द्यायला ठीक आहे, लांबच्या लोकांपर्यंत पोहोचतं, मी त्याच्या विरोधात नाही. पण स्क्रीनवर चार पर्यायांतून 'शांतपणे ऐकून घ्या' हा पर्याय निवडणं वेगळं आणि समोर कोणीतरी खाली मान घालून बसलेलं असताना खरंच शांत बसणं वेगळं. रोलप्लेमध्ये, म्हणजे एकाने मूल होऊन सराव करतो तेव्हा, लोकांना पाच सेकंदांची शांतता सहन होत नाही. मोजून बघते मी. तिसऱ्या सेकंदाला माणूस बोलतोच, सल्ला देतो, धीर देतो, प्रश्न विचारतो, काहीही, पण ती शांतता भरून काढतो. आणि मूल बहुतेकदा सातव्या-आठव्या सेकंदाला बोलणार असतं. हे तोंडाने करून बघितल्याशिवाय येत नाही, लाज वाटली तरी, सगळ्यांसमोर चुकलं तरी. तिथे चुकलं तर कोणाचं काही बिघडत नाही.

आणि दर बॅचमध्ये कोणीतरी असतं ज्याच्यासाठी हा विषय पुस्तकातला नसतो. हे मला आधी कोणी सांगितलं नव्हतं, एका ट्रेनिंगच्या मधल्या सुट्टीत एक बाई खुर्चीतून उठल्याच नाहीत तेव्हा कळलं. साठीच्या असतील. सगळे बाहेर गेल्यावर म्हणाल्या, "मॅडम, माझं पण असंच झालं होतं," आणि मी, जी दोन तास लोकांना गप्प बसायला शिकवत होते, माझ्या घशाशी चार वाक्यं आली होती. मी ती गिळली. त्या बोलल्या थोडं, मग म्हणाल्या चला चहा गार होईल. तेव्हापासून मी सुरुवातीलाच सांगते की कोणालाही कधीही उठून बाहेर जाता येईल, कारण विचारलं जाणार नाही, आणि संपल्यावर मी अर्धा तास तिथेच असते. बहुतेक वेळा कोणी येत नाही. मी तरी थांबते.

गेल्या महिन्यात एका संस्थेत बसचालक आणि मदतनिसांची बॅच होती. त्यांना असल्या ट्रेनिंगला सहसा बोलवत नाहीत, आणि खरं तर मुलाला सकाळी सगळ्यात आधी आणि संध्याकाळी सगळ्यात शेवटी तेच बघतात. मी रोलप्लेला नेहमीप्रमाणे माझं वाक्य दिलं. इतकी वर्षं मी तेच वापरतेय, कुठून आलं ते सांगत नाही. मी मूल झाले, समोर पन्नाशीचे एक दादा, ड्रायव्हर, हात मांडीवर ठेवून अवघडून बसलेले. मी म्हटलं, "मला आज उतरायचं नाहीये. मी इथेच थांबू का?"

मी मोजायला लागले. तीन. चार. पाच. ते माझ्याकडे बघत होते, मग त्यांनी उजवा हात पुढे केला आणि हवेतली चावी फिरवली.

"गाडी बंद करतो," ते म्हणाले. "मग सांग."